उताराची कमाई, पाचरीचा खर्च

कर्जत स्टेशनावर गाडी थांबली की आमच्या डब्यात दोन तट पडत. एक तट वडे आणायला खाली उतरणाऱ्यांचा आणि दुसरा गाडीच्या शेपटाकडे पळत जाऊन इंजिने जोडताना पाहणाऱ्यांचा. मी दुसऱ्या तटातला. साल असेल १९७०-७१. पुण्याला आत्याकडे जाताना घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावत. ती लागली की एक हलकासा धक्का बसे, फलाटावरचे चहावाले बाजूला होत आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणत, "बँकर लागला." घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाला रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. पुढे मी स्वतःच बँकेत चिकटलो, तेव्हा पेढे वाटताना वडील एवढेच म्हणाले, "हाही आता लोकांना मागून रेटणार."

तेहतीस वर्षे मी ते काम केले. रेटले किती आणि रोखले किती याचा हिशेब आता निवृत्तीनंतर कधी कधी मनात मांडतो. चढणाऱ्या गाडीकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण खरी परीक्षा उतरताना असते, ही गोष्ट मला रेल्वेने शिकवली आणि बँकेने पटवली. आजचा विषय त्या उतरण्याचा, म्हणजे ब्रेकचा आहे. त्यातही विजेच्या ब्रेकचा. विषय कारखानदारीचा आणि यंत्रांचा आहे म्हणून पान उलटू नका. सायकल चालवलेल्या कोणालाही तो समजेल, आणि घरात पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याला तर जास्तच.

गेल्या काही वर्षांत उतार हा एकदम बातमीचा विषय झाला आहे. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या फोर्टेस्क्यू या लोहखनिज कंपनीने एका अजब गाडीची घोषणा केली. खाणीतून खनिज भरून बंदराकडे उतरणारी गाडी ब्रेक लावता लावता स्वतःच्या बॅटऱ्या भरून घेईल आणि त्याच विजेवर रिकामी गाडी पुन्हा खाणीपर्यंत चढेल. ना डिझेल, ना वरून वीज. आपल्याकडे रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आणि ब्रेक लावताना वीज परत मिळवणाऱ्या नव्या इंजिनांचे आकडे अभिमानाने सांगितले जाऊ लागले. ही झाली अर्थपानावरची बातमी.

दुसरी बातमी आतल्या पानावरची. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी, रविवारी सकाळी, जम्मूच्या कठुआ स्टेशनातून खडीने भरलेली ५३ वाघिणींची एक मालगाडी निघाली. तिच्या इंजिनात ड्रायव्हर नव्हता. उतारावरून ती आपली आपण सुटली, वाटेतली स्टेशने ओलांडत सत्तरहून अधिक किलोमीटर धावली आणि पंजाबात उची बस्सीजवळ रुळांवर लाकडी ठोकळे आणि अडथळे टाकून थांबवावी लागली. कोणी मेले नाही, हे केवळ नशीब. दोन दिवस लोकांनी विनोद केले आणि मग सगळे विसरले.

या दोन्ही बातम्या एकाच गोष्टीच्या आहेत. दोन्हींत उतारच काम करतो. एकीत तो कमावून देतो, दुसरीत वसूल करतो. माझे म्हणणे इतकेच, की त्या एका पानावर शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

सायकलचा डायनामो

आमच्या वेळी सायकलला डायनामो असे. रात्री निघताना त्याची बाटली टायरवर टेकवायची. चाक फिरले की ती फिरे आणि दिवा लागे. ज्याने तो वापरला आहे त्याच्या पायांना एक गोष्ट आठवत असेल. डायनामो टेकवला की सायकल जड होई. प्रकाश फुकट मिळत नसे. तो चाकाच्या गतीतून कापून घेतला जाई.

विजेचा ब्रेक म्हणजे हाच डायनामो, हत्तीएवढा. विजेच्या इंजिनात चाकांना मोटारी जोडलेल्या असतात. वीज दिली की मोटार चाक फिरवते. उतारावर ड्रायव्हर वीज बंद करून जोडणी बदलतो आणि मग चाकच मोटारीला फिरवू लागते. मोटारीचे जनित्र होते. त्यातून वीज निघते आणि चाक जड होते. गाडीला आवर बसतो. लोखंडी गुटका चाकावर घासावा लागत नाही, धूर नाही, जळका वास नाही.

आता निघालेल्या विजेचे करायचे काय? इथे दोन वाटा फुटतात. पहिली साधी. ती वीज इंजिनावरच्या मोठ्या रोधकांत सोडायची आणि उष्णता करून हवेत उडवून द्यायची. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांत बहुधा हेच करतात, कारण त्यांच्या डोक्यावर तार नसते. दुसरी वाट शहाण्या गृहिणीची. उरलेली भाकरी टाकायची नाही. ती वीज वरच्या तारेत परत पाठवायची म्हणजे त्याच मार्गावर चढणारी दुसरी गाडी ती वापरते. उतरणारी गाडी चढणारीला ओढते, जशी विहिरीवरच्या रहाटाची खाली जाणारी बादली वर येणारीला हात देते.

ही युक्ती नवी नाही, आणि तिचे माहेर आपल्या दाराशी आहे. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि १९३० पर्यंत तार बोरघाटातून पुण्याला पोहोचली. घाटातल्या मालगाड्यांसाठी जी इंजिने आली, त्यांत उतारावर तारेत वीज परत देणारा ब्रेक होता. उभे असतानाही ती एक विचित्र कण्हल्यासारखा आवाज काढत आणि चाकांना जोडणारे त्यांचे दांडे तिरके हलत, म्हणून कामगारांनी त्यांना नाव ठेवले 'खेकडा'. त्यांतला एक खेकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जपून ठेवला आहे. जगाला आज जी बचत नवी वाटते ती हे खेकडे जवळपास शंभर वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या उतारावर करत होते.

उताराचे अर्थशास्त्र

बँकेतल्या माणसाला आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी एकदा कागद घेऊन बसलो. बोरघाटाची चढण सुमारे ५५८ मीटर, पंचवीस किलोमीटरच्या अंतरात. तीव्र ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट. हजार टनांची गाडी एवढी खाली उतरताना जी ऊर्जा सोडते, ती विजेच्या भाषेत साधारण १,५०० युनिट होते. रुळांवरचे घर्षण, वारा, यंत्रांतली गळती यांचा वाटा सढळ हाताने काढला आणि निम्मीच हाती आली असे धरले तरी ७५० युनिट. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराचे सहा महिन्यांचे बिल, एका गाडीच्या एका उतरणीत. पूर्वी ही सगळी ऊर्जा ब्रेकचे गुटके झिजवण्यात आणि चाके तापवण्यात जात असे. म्हणजे आपण व्याज सोडून देत होतो इतकेच नव्हे, ते जाळण्यासाठी वर गुटक्यांचे पैसेही भरत होतो.

प्रवासी गाडी जितकी उतरते तितकीच चढते. खरी चंगळ खाणीच्या गाड्यांची. खाण डोंगरात आणि बंदर समुद्रकाठी. गाडी उतरताना भरलेली, चढताना रिकामी. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीतून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे जाणारा मार्ग याचे उत्तम उदाहरण आहे. १९१५ ते १९२३ या काळात त्याचे टप्प्याटप्प्याने विद्युतीकरण झाले. आज तिथे ६८ वाघिणींची, साडेआठ हजार टनांच्या घरातली गाडी धावते. सरहद्दीवरून समुद्राकडे उतरताना ती जी वीज तारेत टाकते, ती रिकामी गाडी पुन्हा सरहद्दीपर्यंत चढवायला पुरते. आपल्याकडे छत्तीसगडच्या बैलाडिलातून विशाखापट्टणमकडे जाणारा किरंदुल मार्ग याच घराण्यातला. १९६० च्या दशकात जपानला लोहखनिज पाठवण्यासाठी तो बांधला गेला आणि त्यावरच्या भरलेल्या गाड्या पूर्वघाटातले बोगदे ओलांडत समुद्राकडे उतरतात. शहरातही ही बचत चालते. दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या मेट्रोला तर ब्रेकमधून मिळणारी वीज म्हणजे रोजची आवर्ती ठेव. दिल्ली मेट्रोच्या अशा प्रकल्पाची नोंद २००७ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत झाली आणि वाचवलेल्या विजेवर कार्बनचे श्रेयांक मिळण्याची वाट मोकळी झाली. ब्रेक लावल्याबद्दल पैसे मिळतात, हे माझ्या वडिलांना सांगितले असते तर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले असते.

तेव्हा विजेच्या ब्रेकविरुद्ध माझी काही तक्रार नाही. उलट जिथे जिथे शक्य आहे तिथे तो हवाच. अडचण दुसरीच आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा सायकलवर बसावे लागेल.

दिवा विझतो तेव्हा

डायनामोचा दिवा सायकल जोरात असताना झगझगीत असे. वेग कमी झाला की मंद होई. आणि कोपऱ्यावर थांबून कोणाशी बोलत उभे राहिले की विझून जाई. नेमकी हीच विजेच्या ब्रेकची प्रकृती. चाक फिरत असेल तरच वीज, आणि वीज असेल तरच आवर. आधुनिक इंजिनांत तो अगदी कमी वेगापर्यंत धरतो हे खरे. पण गाडी थांबली, इंजिन बंद झाले आणि ड्रायव्हर खाली उतरला, की विजेच्या ब्रेकचा संबंध संपला. धावत्या गाडीला आवरणे ही त्याची विद्या. उभ्या गाडीला धरून ठेवणे त्याला येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की हा ब्रेक इंजिनाच्या चाकांत असतो. मागच्या पन्नास वाघिणींना त्याची गंधवार्ता नसते. वाघीण इंजिनापासून सोडवली की ती अनाथच.

म्हणून गाडीला दुसरा ब्रेक लागतो, हवेचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन माणसाने तो पूर्णत्वाला नेला. त्यातली हुशारी उलटी आहे. गाडीभर नळीत हवेचा दाब भरून ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. नळी तुटली, डबे सुटले, तर गाडी आपोआप थांबते. पण हा ब्रेकही अमर नाही. प्रत्येक वाघिणीच्या टाकीतल्या साठवलेल्या हवेने तो लागतो, आणि कुठल्याही टाकीतली हवा हळूहळू झिरपतेच. काही तासांनी पकड ढिली होते. म्हणून उभ्या गाडीला तिसरा ब्रेक लागतो. हाताने फिरवायचे चक्र आणि चाकाखाली सारायची लाकडी पाचर. त्यातून ना वीज मिळते, ना श्रेयांक. मिळते ती फक्त कमरेची उसण.

जगातले अलीकडचे मोठे धडे या तिसऱ्या ब्रेकपाशीच शिकले गेले. कॅनडातल्या लॅक-मेगांटिक गावात ६ जुलै २०१३ च्या मध्यरात्रीनंतर कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची एक मालगाडी उतारावरून ड्रायव्हरविना आली, रुळांवरून घसरली आणि पेटली. ४७ माणसे गेली. रात्री गाडी गावाबाहेर उतारावर उभी करून एकटा ड्रायव्हर झोपायला गेला होता. इंजिन चालू ठेवले होते, कारण तेच हवेचा दाब राखत होते. त्या इंजिनाला आग लागली, अग्निशामक दलाने नियमाप्रमाणे ते बंद केले, आणि हवा झिरपू लागली. चौकशीत निघाले की हातचे ब्रेक सातच आवळले होते. किमान सतरा तरी लागले असते. ते पुरेसे आहेत का याची चाचणीही ड्रायव्हरने घेतली होती, पण ती घेताना इंजिनाचा हवेचा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हलली नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटले. धरणारा एक होता आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा झाले.

५ नोव्हेंबर २०१८ ला ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातली गोष्ट तर विजेच्या जवळची. लोहखनिजाच्या २६८ वाघिणी आणि चार इंजिने असलेली बीएचपी कंपनीची गाडी. तिचे हवेचे ब्रेक विजेच्या संदेशाने चालत, म्हणजे एका क्षणात सगळ्या वाघिणींना एकदम हुकूम. संदेशाची तार सुटली, गाडी थांबली, ड्रायव्हर पाहणीसाठी खाली उतरला. साधारण तासाभराने त्या यंत्रणेने, तिच्या रचनेप्रमाणेच, ब्रेक सोडले. ड्रायव्हर अजून खालीच होता. गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघाली आणि ९२ किलोमीटर धावली. शेवटी नियंत्रण कक्षातून सांधे बदलून ती मुद्दाम पाडावी लागली. ओसाड मुलूख होता म्हणून जीव वाचले. यंत्राने चूक केली नव्हती. त्याला जे शिकवले होते तेच त्याने केले. तासाभरात माणूस आपले काम संपवील, अशी त्याची समजूत होती.

आणि मग आपले कठुआ. तिथेही गाडी सोडून जाताना ती नीट जखडली गेली नव्हती. तीन देश, तीन तऱ्हेच्या गाड्या. एकाही ठिकाणी धावत्या गाडीचा ब्रेक कमी पडला नाही. तिन्ही गाड्या आधी नीट थांबल्या होत्या. त्या सुटल्या उभ्या असताना.

मी लिहिलेली टिप्पणी

आता मी या विषयाकडे का वळलो ते सांगायला हवे. मी रेल्वेचा माणूस नाही. पण १९८९ साली एका औद्योगिक गावातल्या शाखेत असताना एका कारखान्याचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला. कारखान्याचे नाव सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. त्यांच्या आवारात स्वतःची साइडिंग होती. कोळशाच्या आणि भंगाराच्या वाघिणी मुख्य मार्गावरून आत येत आणि एक जुनाट इंजिन त्या इकडून तिकडे ढकलत असे. त्याच्या जागी त्यांना नवे डिझेल-इलेक्ट्रिक शंटिंग इंजिन घ्यायचे होते. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले होते, विजेचा ब्रेक.

मी जागेवर जाऊन पाहणी केली. साइडिंगचा मुकादम पन्नाशीचा, डोक्याला पंचा. नवे इंजिन आल्यावर बचत काय काय होईल, हे व्यवस्थापक मला सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. ब्रेकचे गुटके वाचतील. चाकांची झीज कमी होईल. आणि इंजिन स्वतःच इतके आवरते म्हटल्यावर पाचरी लावणारे दोन खलाशी कमी करता येतील, त्यांना दुसरीकडे कामाला लावू. मी तिसरी ओळही लिहिली. व्यवस्थापक फोन घ्यायला आत गेले तेव्हा मुकादम जवळ आला.

"साहेब, लिहिताय म्हणून सांगतो. इंजिन हुशार असेल. वाघीण हुशार नसते."

मी म्हटले, "मुकादम, अहो, ब्रेक इंजिनातच असणार ना?"

"इंजिन जोडलेलं असेस्तोवर," तो म्हणाला आणि गप्प झाला, कारण व्यवस्थापक परत आले होते.

मी शाखेत जाऊन टिप्पणी लिहिली. नीटनेटकी टिप्पणी होती. बचतीच्या रकान्यात तीन ओळी, बेरीज आणि त्या बेरजेवर कर्ज किती वर्षांत फिटेल त्याचा तक्ता. मुकादमाचे वाक्य कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला कळले नाही. तसा रकाना आमच्या छापील अर्जात नव्हता. प्रस्ताव मंजूर झाला.

चौदा महिन्यांनी, श्रावणातल्या एका रात्री, इंजिनापासून सोडवलेली कोळशाची भरली वाघीण त्या साइडिंगवर हलली. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा उतार. पाचर नव्हती, ती लावणारे दोघे दुसऱ्या खात्यात होते. पुढे उभी असलेली वाघीण आणि ही, यांच्या मध्ये एक पंचविशीचा खलाशी साखळी सोडवत होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बँकेच्या दृष्टीने काहीच घडले नाही. कारखान्याचे हप्ते वेळेवर येत राहिले. वर्षअखेरीच्या तपासणीत त्या खात्यापुढे शेरा होता, 'खाते नियमित'. तो शेरा लिहिणारा मीच. पुढे त्या मुलाने टपरीसाठी कर्ज मागितले. ते मी दिले. त्यानेही एकूणएक हप्ता वेळेवर फेडला. तेही खाते नियमित.

माझी टिप्पणी खोटी नव्हती. तीनही बचती खऱ्याच होत्या. चूक एवढीच झाली की पहिल्या दोन विजेच्या ब्रेकने कमावल्या होत्या आणि तिसरी मी त्याच्या नावावर उसनी घातली होती. धावताना आवरण्याच्या कामाची मजुरी वाचली, म्हणून उभे असताना धरण्याच्या कामाचीही वाचली असे मी धरले. लॅक-मेगांटिकच्या ड्रायव्हरने चाचणीत जे केले, तेच मी कागदावर केले होते.

दोन चाव्या

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. नवीन लागलेल्या पोरांना वाटते, हा अविश्वास आहे. तसा तो नाही. अमुक माणूस चोरी करील असे कोणी म्हणत नाही. माणूस दमतो, विसरतो, घाईत असतो, एवढेच गृहीत धरलेले असते.

बोरघाट बांधणाऱ्यांना हे शहाणपण होते. तेही ठेच खाऊनच आले असणार. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवावी लागे, असे रिव्हर्सिंग स्टेशन होते. जानेवारी १८६९ मध्ये उतरणारी एक गाडी तिथे आवरली नाही आणि टोकाचा अडथळा ओलांडून गेली. घाटाच्या उतारावर पुढे ठिकठिकाणी कॅच साइडिंग आले, म्हणजे बेलगाम गाडीला डोंगराच्या अंगाला चढावर नेऊन थोपवणारा बगलमार्ग. त्यातली गोम अशी की सांधे मुळात त्या बगलमार्गाकडेच वळवलेले असत. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे. थांबली, म्हणजे ब्रेक धड आहे असे सिद्ध झाले, मगच तिला मुख्य मार्ग मिळायचा. मंकी हिलला गाडी का थांबली म्हणून आम्ही पोरे कुरकुरत असू. तिथे आमच्या गाडीची परीक्षा चाललेली असे, आणि उत्तीर्ण होईपर्यंत तिला नापास धरलेले असे.

आज आपल्या देशात मालवाहतूक वाढवण्याची घाई आहे. खाणी, पोलाद कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे, सिमेंटचे कारखाने, बंदरे, यांच्या खासगी साइडिंगवर रोज असंख्य वाघिणी उभ्या राहतात. तिथे नवी इंजिने येतील, बॅटरीवरची येतील, वीज परत मिळवणारी येतील. यावीत. पण त्या प्रस्तावांवर जे कोणी माझ्यासारखे टिप्पणी लिहीत असतील, त्यांनी धावण्याचा हिशेब आणि उभे राहण्याचा हिशेब एका बेरजेत घालू नये, एवढी विनंती आहे. उभे राहण्याचा खर्च फार नसतो. नव्या इंजिनांत हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर आपोआप आवळला जाणारा पार्किंग ब्रेक मिळतो. तो घ्यावा, आणि तो इंजिनालाच आहे, वाघिणीला नाही, हे विसरू नये. साइडिंगची जमीन सपाट करून घ्यावी. जिथे ती मुख्य मार्गाला मिळते तिथे सुटलेल्या वाघिणीला बाजूला काढणारा सांधा असावा. पाचरी लावणारा एक आणि लावल्या की नाही ते पाहणारा दुसरा, अशी दोन माणसे असावीत. दोन, एक नव्हे. आणि वाघीण सुटली पण कोणाला लागले नाही, अशा घटनाही लिहून ठेवाव्यात. कठुआ ही हसण्याची गोष्ट नव्हती.

पैसे कुठून येतील? मघाशी मांडलेल्या त्या ७५० युनिटांतून. उतार कमावून देतो, तर त्यातला थोडा वाटा उतारासाठीच बाजूला काढावा. बँकेत याला आम्ही राखीव निधी म्हणत असू.

त्या अपघातानंतर कारखान्याने दोन्ही खलाशी साइडिंगवर परत आणले. त्यासाठी कोणी टिप्पणी लिहिली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तारण मालाच्या तपासणीला मी गेलो, तेव्हा उभ्या वाघिणींच्या अंगावर खडूच्या फुल्या दिसल्या. प्रत्येक वाघिणीवर दोन, एकीखाली एक. मी मुकादमाला विचारले. तो म्हणाला, वरची पाचर लावणाऱ्याची आणि खालची बघणाऱ्याची. पाऊस आला की पुसतात, मग दोघांनाही पुन्हा जावे लागते. मी माल मोजत त्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. शेवटच्या वाघिणीवर एकच फुली होती. मुकादमाने एका पोराला हाक मारली, आणि त्याने खाली वाकून चाकाखाली पाहून दुसरी काढेपर्यंत आम्ही दोघेही तिथेच उभे राहिलो.